कंटाळ्याला खोली लागते

मूकपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजा हरिश्चंद्र उभा राहतो, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण येतो, फार तर चॅप्लिनची काठी. नवरा-बायको येत नाहीत. म्हणजे सत्यवान-सावित्री येतात, नल-दमयंती येतात. पण संध्याकाळी समोरासमोर बसलेलं, बोलायला विषय नाही आणि भांडायला उत्साह नाही असं साधं संसारी जोडपं काही येत नाही. खरं तर त्या काळातल्या पडद्यावर अशी जोडपी चिक्कार होती. लोक तिकीट काढून त्यांना पाहायला जात होते आणि हसत होते. पुढच्या पानांत अशा काही चित्रपटांच्या गोष्टी मराठीत सांगितल्या आहेत, काही अमेरिकेतल्या, काही आपल्याकडच्या. प्रस्तावना जालन्यात बसून लिहितो आहे, त्यामुळे जालना तिच्यात डोकावणारच. तो नुसता पत्त्यापुरता येणार नाही. कंटाळलेल्या जोडप्याचा विनोद कुठे उगवतो आणि कुठे उगवत नाही हे समजून घ्यायला आमचं गाव फार सोयीचं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तोही मजेचा आहे. जालना जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. म्हणजे मूकपटाच्या काळात आमची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादेला जायची. त्याच हैदराबादेत 1922 साली धीरेंद्रनाथ गांगुलींनी लोटस फिल्म कंपनी काढली. गांगुली मूळचे बंगालचे, शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेले आणि पूर्वी हैदराबादेतच कलाशिक्षक असलेले. वेषांतराचा त्यांना विलक्षण नाद. 1921 मध्ये त्यांचा 'बिलेत फेरत' गाजला होता. विलायतेहून परतलेल्या आणि घरच्या चालीरीतींना नाकं मुरडणाऱ्या बाबूची त्यात टिंगल होती. हैदराबादेत त्यांनी पौराणिक पट काढले, पण त्यांच्या यादीत 'लेडी टीचर' आणि 'मॅरेज टॉनिक' अशीही नावं आहेत.

'मॅरेज टॉनिक'! लग्न अशक्त झालं आहे, त्याला एखादी बाटली पाजायला हवी, ही कल्पना 1923 च्या सुमारास निजामाच्या राज्यात कुणाला तरी सुचली आणि तिच्यावर पैसे लागले, ही गोष्टच मला फार आवडते. मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही, आमच्याच राज्यात. पुढे 1924 मध्ये गांगुलींनी आपल्या चित्रपटगृहात 'रझिया बेगम' हा पट लावला. दिल्लीच्या तख्तावरची मुसलमान राणी आणि तिचं हिंदू माणसावरचं प्रेम असा त्याचा विषय. निजामाला तो सहन झाला नाही आणि गांगुलींना राज्य सोडावं लागलं. लोटसचा कारभार आटोपला. राणीचं प्रेम राज्याला झेपलं नाही, नवरा-बायकोचं टॉनिक मात्र मुकाट्याने पचलं होतं. संसारी विनोदाचा हा जुना फायदा आहे. राजाला त्यात धोका दिसत नाही, म्हणून असा विनोद पुष्कळ काही बोलून जातो.

आता मुद्द्याचं. कंटाळा येण्यासाठी जोडप्याला आधी एकांत लागतो. दोन माणसं एका खोलीत, दार लोटलेलं, मध्ये कुणी नाही, आणि मग बोलायला काही नाही, तेव्हा तो कंटाळा. 1920 च्या जालन्यात ही खोली कुणाकडे होती? गावातल्या कादराबाद भागातल्या एखाद्या वाड्याचा विचार करा. ओसरीवर सासरे आणि आलेगेले, माजघरात सासू आणि विधवा आत्या, चौकात पोरं, स्वयंपाकघरात जावा. नवरा सकाळी मोंढ्यावर नाही तर जिनिंगवर गेला की दिवेलागणीला परत. आला की ओसरीवरच टेकणार. बायकोशी थेट बोलायची रीत नाही. 'बाळ्या, तुझ्या आईला म्हणावं पानं घ्या,' असं तो पोराला सांगणार आणि बाळ्याने निरोप पोचवण्याआधीच आतून पाटाचा आवाज येणार. नाव घेणं दूरच. उखाण्यात घ्यायचं तेवढं. रात्री सगळी निजानीज झाल्यावर जी काही भेट होईल ती कुजबुजीत आणि अंधारात.

अशा घरात दुःख असेल, घुसमट असेल, मारही असेल. या जोडप्यांचं बरं चाललं होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याला चित्रपटातला कंटाळा म्हणतात तो असायला जागाच नाही. नवऱ्याला पुरतं पाहिलेलंच नसतं, मग त्याचा वीट कसा येणार? त्यातून लग्नं लहानपणी. मुलीचं वय चौदा हवं असं म्हणणारा शारदा कायदा 1929 साली झाला, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. निजामाच्या हद्दीत तो लागू नव्हता. इथे जोडपं वयात यायचं तेच मुळी भरलेल्या घरात.

जालना जिल्ह्यातली लग्नाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट कुठली, तर जांबच्या नारायणाची. भटजी 'सावधान' म्हणाले आणि बोहल्यावरचा नवरदेव सावध होऊन जो पळाला तो समर्थ रामदास झाला. कंटाळा यायची वाटच पाहिली नाही! हॉलिवूडच्या कुठल्याही नवऱ्याला एवढी दूरदृष्टी नव्हती. ते सगळे बिचारे आधी लग्न करतात, मग चौथ्या-पाचव्या वर्षी सावध होतात.

त्या नवऱ्यांकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत शहरी, नोकरदार किंवा पैसेवाल्या दोघांचाच संसार हा चित्रपटाचा ठरीव विषय झाला. ही वाट मळवली सेसिल बी. डमिल यांनी. पुढे 'टेन कमांडमेंट्स'सारखे डोळे दिपवणारे धार्मिक पट काढणारे हेच ते गृहस्थ, पण 1918 ते 1920 या दोन-तीन वर्षांत ते माणसांच्या न्हाणीघरात, कपाटात आणि जेवणाच्या टेबलावर डोकावत होते. 1919 च्या 'डोन्ट चेंज युवर हजबंड'मध्ये ग्लोरिया स्वान्सनने रंगवलेली बायको नवऱ्याला विटली आहे. का? नवरा क्रूर नाही, व्यसनी नाही, बाहेरख्याली तर नाहीच. तो सुटला आहे, अजागळ आहे, लग्नाचा वाढदिवस विसरतो आणि कांदा खातो. कांदा! पातीसकट, कचाकचा. त्यानंतर बायकोजवळ प्रेमाने जातो आणि ती तोंड फिरवते.

हे दृश्य जालन्याच्या प्रेक्षकाला कसं दिसलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. ज्वारीच्या भाकरीवर ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा हे जिथे रोजचं जेवण, तिथे कांद्यावरून काडीमोड म्हणजे प्रेक्षक बायकोलाच हसले असते. पण जरा बारकाईने पाहिलं तर डमिल यांचा नेम बरोबर आहे. संसार मोडतो तो मोठ्या पापाने मोडतो असं नाटकवाले शतकानुशतकं सांगत आले होते. हा माणूस म्हणाला, संसाराची चव जाते ती लहान गोष्टींनी, आणि त्या गोष्टींना कॅमेरा शोधू शकतो. ही बायको घटस्फोट घेते आणि दुसरं लग्न करते. दुसरा पहिल्याहून वाईट निघतो. तोवर पहिल्याने पोट कमी केलेलं असतं, नीटनेटका झालेला असतो, आणि ती त्याच्याकडे परत येते.

पुढल्याच वर्षी, 1920 मध्ये, डमिल यांनी हीच गोष्ट उलटी करून 'व्हाय चेंज युवर वाइफ?' काढला. बायको पुन्हा स्वान्सन. आता ती चष्मा लावणारी, गंभीर, नवऱ्याला सतत सुधारणारी. नवरा तिच्यासाठी झिरझिरीत झगा आणायला दुकानात जातो आणि झगा दाखवणाऱ्या मुलीच्या नादी लागतो. घटस्फोट होतो. मग कापडाच्या दुकानात बाया आपली कीव करताहेत हे आडून कानावर पडताच बायको पेटते. बिनबाह्यांचे, पाठ उघडी टाकणारे कपडे शिवून घेते आणि नवऱ्याला परत मिळवते. पहिल्या चित्रपटात नवऱ्याने कांदा सोडला, दुसऱ्यात बायकोने चष्मा सोडला. हिशेब बरोबरीचा वाटतो. तो तसा नाही. नवऱ्याने सोडली ती एक वाईट सवय. बायकोने सोडलं ते वाचणं आणि विचार करणं. डमिल यांना हा फरक कळला असेल असं त्यांच्या चित्रपटावरून तरी वाटत नाही.

या सगळ्यांहून वेगळा, आणि माझ्या मते या प्रकारातला सर्वोत्तम, चित्रपट म्हणजे एर्न्स्ट लुबिच यांचा 1924 चा 'द मॅरेज सर्कल'. लुबिच बर्लिनचे, नुकतेच अमेरिकेत आलेले. कथा एका जर्मन नाटकावरून घेतलेली आणि घडते व्हिएन्नात. दोन जोडपी आहेत, एक सुखी, एक कंटाळलेलं. कंटाळलेल्या घरची बायको मिझी ही सुखी घरच्या शार्लटची मैत्रीण, आणि ती शार्लटच्या डॉक्टर नवऱ्यावर डोळा ठेवते. गोष्ट एवढीच.

पण सुरुवात पाहा. सकाळची वेळ. मिझीचे प्रोफेसर पती (अॅडॉल्फ मेंजू) मोजे घालताहेत. मोजा वर ओढतात तर पुढे भोक, त्यातून अंगठा बाहेर. ते अंगठ्याकडे पाहतात. रागावत नाहीत. दुसरा मोजा शोधायला खण उघडतात. त्यांचा खण जवळजवळ रिकामा. शेजारचा बायकोचा खण उघडतात, तो रेशमी मोज्यांनी शिगोशीग भरलेला. मेंजू पुन्हा आपल्या अंगठ्याकडे पाहतात. संपलं. या लग्नात कोण कुणाची किती काळजी घेतं, पैसा कुठे जातो, हे कधीपासून चाललं आहे, आणि नवऱ्याने बोलणंही कधीच सोडून दिलं आहे, हे सारं एका अंगठ्यात आणि दोन खणांत सांगून झालं. मजकुराची पाटी एकही नाही.

बोलपटात हेच दृश्य असतं तर मेंजूंना एक वाक्य म्हणावं लागलं असतं. 'माझे मोजे कोण शिवणार?' किंवा तसलंच काही. वाक्य आलं की तक्रार आली, तक्रार आली की उत्तर आलं, आणि मग भांडण. भांडणारं जोडपं कंटाळलेलं नसतं. कंटाळलेल्या जोडप्याचं खरं लक्षण हे की ते बोलत नाही. मूकपटाला आवाज नव्हता ही त्याची उणीव समजली जाते. या एका विषयापुरती ती उणीव नव्हतीच. विषयच मुका होता, माध्यम त्याला साजेसं मिळालं. लुबिच यांनी 1932 मध्ये हीच कथा 'वन अवर विथ यू' नावाने बोलपटात पुन्हा केली. गाणी आहेत, संवाद चुरचुरीत आहेत, पण तो अंगठा नाही.

आणखी एक गोष्ट लुबिच यांच्याकडे आहे. इथे कुणी सुधारत नाही. प्रोफेसरसाहेब बायकोच्या मागावर गुप्तहेर लावतात आणि तिची लफडी कळली की त्यांचा चेहरा उजळतो, कारण आता घटस्फोटाला पुरावा मिळाला. आपल्या बायकोचं दुसऱ्याशी जुळतंय म्हणून सुखावलेला नवरा! हा विनोद क्रूर आहे. पण तो प्रेक्षकाला उपदेश करत नाही, म्हणून शंभर वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

आता आपल्याकडे. मूकपटाच्या काळात मुंबईत हा विषय जिने धीटपणे अंगावर घेतला ती 'गुणसुंदरी'. वर्ष 1927, निर्मिती दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीची, दिग्दर्शक चंदुलाल शाह. शाह जामनगरचे, काही काळ मुंबईच्या शेअर बाजारात काम केलेले. नायिका गोहर, त्या वेळी जेमतेम सोळा-सतरा वर्षांची, आणि नवरा राजा सँडो, दक्षिणेकडचा कसरतपटू. चित्रपटाला इंग्रजीत जोडनाव दिलं होतं, त्याचा अर्थ 'नवरे वाट का चुकतात'.

गुणसुंदरी हे नाव गुजराती वाचकाला आधीपासून ओळखीचं होतं. गोवर्धनराम त्रिपाठींच्या 'सरस्वतीचंद्र' या कादंबरीच्या 1892 सालच्या दुसऱ्या भागात गुणसुंदरी आहे, एकत्र कुटुंबाचा गाडा एकटीने ओढणारी आदर्श सून. शाहांनी ते नाव उचललं आणि तिला कोंडीत पकडलं. त्यांची गुणसुंदरी पहाटेपासून रात्रीपर्यंत घरासाठी राबते. नवरा धंद्यातल्या चिंता घेऊन घरी येतो, त्याला कुणाशी तरी बोलायचं असतं. तिच्याकडे घरच्या कामांखेरीज विषय नाही, नवऱ्याच्या व्यवहारात लक्ष घालणं हे आपलं काम नव्हे अशी तिची समजूत. तो उठून नाचणाऱ्या बाईकडे जाऊ लागतो. मग गुणसुंदरीला उमगतं की नुसतं कर्तव्य पुरत नाही, नवऱ्याची सोबतीणही व्हायला हवं. ती बदलते. नटते, आणि मुख्य म्हणजे घराबाहेर पडते.

हा शुद्ध विनोदी चित्रपट नव्हे, 'सामाजिक' म्हणायची तेव्हा पद्धत होती. पण हाडाने तो डमिल यांच्या चित्रपटांचा चुलतभाऊ आहे, आणि मुंबईच्या थिएटरांत अमेरिकन चित्रपटांचा केवढा भरणा होता हे पाहता त्यात नवल नाही. दोष पुन्हा बायकोचा, बदलायचं तिनेच, हेही तसंच. नवरे वाट का चुकतात या प्रश्नाचं उत्तर बायकोच्या स्वयंपाकघरात शोधायचं, नवऱ्याच्या चपलांत नाही, हा त्या काळचा न्याय. तरी शाहांच्या बाजूने एक गोष्ट मोजायला हवी. 'नवरा चुकला तर सोसा, तो परत येईल' हा सगळ्या सती-सावित्रींच्या पटांचा सल्ला त्यांनी मोडला. त्यांची नायिका सोसत बसत नाही. नवरा बाहेर जातो ना, मग मीही जाते, असं म्हणणारी बायको 1927 च्या हिंदुस्थानी पडद्यावर नवी होती. राबणं हा गुण आहे याविषयी तोवर कुणाला शंका नव्हती, तीही या चित्रपटाने काढली. हे धाडस थोडं नाही.

चित्रपट चालला. शाहांनी पुढे गोहरला घेऊन शिकलेल्या बायकोवरही पट काढला. दोघांनी मिळून 1929 मध्ये रणजित कंपनी उभी केली. 'गुणसुंदरी' 1934 मध्ये त्यांनी बोलपट म्हणून पुन्हा काढली, नायिका गोहरच. 1948 मध्ये निरुपा रॉयची गुजराती 'गुणसुंदरी'ही आली.

मराठी मूकपट मात्र या वाटेला फारसा गेला नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी पट 1914 सालीच काढला होता, पण त्यांचा खरा जीव देवादिकांत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये 'सावकारी पाश' काढून वास्तव पडद्यावर आणलं ते शेतकऱ्याच्या कर्जाचं. मराठी माणसाला संसारी विनोद नको होता असं अजिबात नाही. त्याची ती हौस नाटक भागवत होतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' 1916 मध्ये गंधर्व मंडळींनी संगीतासह रंगभूमीवर आणलं. त्यातले फाल्गुनराव आणि कृत्तिका हे मराठीतलं सगळ्यांत गाजलेलं विनोदी जोडपं. पण ते कंटाळलेलं नाही, संशयी आहे! एकमेकांवर सारखी नजर ठेवतात, एका तसबिरीवरून घर डोक्यावर घेतात. कंटाळ्याची ही नेमकी उलटी टोकाची अवस्था. ज्याच्यावर संशय घ्यावासा वाटतो त्याचा वीट आलेला नसतो.

मग चिं. वि. जोशींचा चिमणराव आला आणि त्याच्या बायकोने, काऊने, मराठी घरातला बिनभांडणाचा, बिननाट्याचा दिवस लेखनात आणला. चिमणराव पडद्यावर आला तेव्हा बोलपटाचा जमाना होता, 1940 चा 'लग्न पाहावं करून', मास्टर विनायकांचा, आणि त्यातही घाई आहे ती लग्न जुळवायची. लग्नानंतरच्या सातव्या वर्षाचा विनोद मराठी चित्रपटाला पुष्कळ उशिरा सुचला. याचं कारण मला तरी पुन्हा त्या खोलीतच दिसतं. खोली आधी यायला हवी होती.

माझ्या या म्हणण्याला एक साक्षीदार आहे, आणि तो सुदैवाने जिवंत आहे. 1931 चा कालीपद दास यांचा बंगाली मूकपट 'जमाईबाबू'. खेड्यातला जावई कलकत्त्याला सासरी येतो. शहरात भरकटतो, धडपडतो. अखेर सासुरवाडीत पोचतो, पण बायकोला भेटायचं कसं? दिवसभर घरात माणसं. रात्री चोरपावलांनी तिच्या खोलीकडे निघतो तर घरचे त्याला चोर समजतात. व्हिएन्नातला नवरा बायकोच्या खोलीतून सुटायला धडपडतो, आमचा जावई तिच्या खोलीत शिरायला. विनोदाचं गणित दोन्हीकडे सारखं आहे, दारं तेवढी उलट्या बाजूंना उघडतात.

याच ओघात मुर्नाऊ यांच्या 1927 च्या 'सनराइज'चा उल्लेख करायला हवा. तो विनोदी म्हणून ओळखला जात नाही. शहरातली बाई शेतकऱ्याला भुलवते आणि तो बायकोला बुडवायला निघतो, अशी त्याची भयंकर सुरुवात. पण चित्रपटाचा मधला भाग हा मूकपटातला सर्वांत गोड प्रणयविनोद आहे. ते जोडपं ट्रॉलीतून शहरात येतं, कुणा परक्याचं लग्न लागताना पाहून रडतं, आणि मग दिवसभर हुंदडतं. छायाचित्रकाराच्या दुकानात त्यांच्या धक्क्याने एक पुतळी पडते. उचलून पाहतात तर तिला डोकं नाही. मूळचीच बिनडोक्याची ती, पण या खेडवळ जोडप्याला कुठलं माहीत. घाबरून डोकं शोधतात आणि शेवटी एक चेंडू बसवून देतात. घरात, गावात, म्हातारीच्या आणि शेजाऱ्यांच्या नजरेखाली जे जमत नव्हतं ते परक्या गर्दीत जमतं. आमच्या भोकरदन, जाफराबादकडच्या जुन्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाताना बैलगाडीत नवऱ्याशेजारी बसायला मिळायचं, वर्षाकाठी तेवढाच काय तो प्रवास.

चित्रपटगृहात तरी जोडपं शेजारी बसत होतं का? लहान गावांत बहुधा नाही. अनेक ठिकाणी बायकांची बसण्याची सोय वेगळी असे, मध्ये पडदा. म्हणजे पडद्यावर नवरा-बायको एका दिवाणखान्यात जांभया देताहेत आणि त्यांना पाहणारे नवरा-बायको मात्र थिएटरच्या दोन टोकांना. शिवाय पाट्यांचा प्रश्न. आमच्या भागात घरात मराठी, कचेरीत आणि शाळेत उर्दू, बाजारात मारवाडी आणि हिंदी. मुंबईचे मूकपट दोन-तीन-चार भाषांतल्या पाट्या लावून यायचे, ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. कंटाळलेल्या जोडप्याच्या गोष्टीला त्याचीही फारशी गरज नव्हती. जांभई सगळ्या भाषांत सारखीच येते.

या चित्रपटांचं आज काय उरलं आहे? आपल्याकडचं फार थोडं. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानतात. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं तोवर बहुतेक नष्ट झाले होते. नायट्रेटची फिल्म, ती पेट घ्यायची, उन्हाळ्यात चिकट व्हायची, आणि बोलपट आल्यावर जुनी रिळं त्यांतली चांदी काढायला विकली गेली. 1927 ची 'गुणसुंदरी' नाही. 'मॅरेज टॉनिक' नाही. कथा, जाहिराती, काही छायाचित्रं आणि लोकांनी मागाहून सांगितलेल्या आठवणी यांवर आपल्याला भागवावं लागतं, म्हणून पुढे गुणसुंदरीचं प्रकरण इतरांपेक्षा लहान आहे. देवांचे पट थोडे तरी टिकले. माणसांचे बहुतेक गेले.

डमिल, लुबिच आणि मुर्नाऊ यांचे वर सांगितलेले चित्रपट शाबूत आहेत आणि इंटरनेटवर सहज सापडतात. ज्यांना पुस्तकाबरोबर ते पाहायचे आहेत त्यांनी एक काळजी घ्यावी. बरेच मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेले, सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटींच्या वेगाने. ते बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालवले की माणसं तुरुतुरु पळू लागतात, आणि आपला समज होतो की जुने लोक असेच विनोदी होते. 'मॅरेज सर्कल'चा सारा विनोद मेंजू किती वेळ अंगठ्याकडे पाहतात यावर आहे. तेवढा वेळ त्यांना मिळाला पाहिजे. तेव्हा योग्य वेगाची प्रत शोधावी. संगीत बहुधा कुणीतरी मागाहून जोडलेलं असतं, आवडलं नाही तर खुशाल बंद करावं. आणि क्रम माझा विचाराल तर आधी लुबिच, मग डमिल यांचे दोन्ही, आधी कांद्याचा आणि मग चष्म्याचा.